एक्केचाळीस गोडाऊनचे दाजी

सकाळी नऊ वाजता दाजी कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. फाटक सताड उघडं असायचं. आत वेल्डिंग सुरू झालेलं असायचं, पण दाजी आत यायचे नाहीत. डाव्या हातात पितळी डबा, उजव्या काखेत छत्री, आणि तोंड जालना रस्त्याकडे, आपलं इथे काही काम नाही अशा थाटात. मग आतून कुणीतरी म्हणायचं, "या दाजी." ते वळायचे, आत्ताच लक्ष गेल्यासारखं करायचे, "हाव, येतो ना" म्हणायचे आणि आत यायचे. हा माणूस अठ्ठावीस वर्षं तिथे स्टोअर सांभाळत होता आणि अठ्ठावीस वर्षं त्याला रोज बोलवावं लागत होतं.

मला हे ठाऊक नव्हतं. देऊळगाव राजातल्या त्या पेरणी यंत्रांच्या कारखान्यात मी कंप्युटरचा माणूस म्हणून लागलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी मालक जालन्याला गेले होते आणि वॉचमन रजेवर होता. मी फाटकाशी उभ्या असलेल्या दाजींना गिऱ्हाईक समजून विचारलं, "काय पाहिजे काका?"

"काही नाही. चालू द्या तुमचं," ते म्हणाले.

माझं मी चालू दिलं. अकरा वाजले. स्टोअरला कुलूप, किल्ली दाजींच्या कमरेला, दाजी फाटकाबाहेर, आणि आत पाच शेतकरी मोडके फण हातात घेऊन बसलेले. शेवटी वेल्डिंगवाल्याने चष्मा वर केला, बाहेर पाहिलं आणि ओरडला, "अहो, या दाजी!" कुलूप निघालं. त्याने मला सांगितलं की हे मालकांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. जावई माणूस. सासरच्या दारात बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत.

दाजी मूळचे पिंपळगाव राजाचे. लग्नानंतर काही वर्षांनी बायकोसह इकडे आले, ते इथलेच झाले. "एका राजाकून दुसऱ्या राजाकडे बदली झाली," असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे. इकडची बोली जालन्याच्या वाऱ्याने मराठवाड्याकडे झुकलेली, पण दाजींनी आपलं 'मले-तुले' सोडलं नाही. मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. "काय बे कंप्युटर, जेवला काय?" असं चारचौघांत विचारायचे. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो, एका मुलीचा बाप होतो. मला राग यायचा. पण एखाद्या दिवशी ते आले नाहीत की स्टोअरकडे बघवत नसे, हेही खरं आहे.

त्यांचं स्टोअर म्हणजे एक अजब कारभार होता. कुठल्याही स्टोअरमध्ये फणाशेजारी फण असतो, नळीशेजारी नळी असते. दाजींच्या मांडण्यांवर ऑइलपेंटने गावांची नावं लिहिलेली होती. सुलतानपूर. पिंपळगाव राजा. अशा एक्केचाळीस मांडण्या. प्रत्येक मांडणीवर त्या गावाला वर्षभरात जे जे लागेल ते सगळं: जमीन चिरणारे फण, बियाणं खाली सोडणाऱ्या नळ्या, पेटीतल्या पिकागणिक वेगळ्या चकत्या, चेन, बोल्ट. मी विचारलं, असं का?

"लोखंड नंबरानं तुटत नाही बे," दाजी म्हणाले. "गावानं तुटते. जशी जमीन तसं तुटते."

गिऱ्हाईक आलं की दाजी त्याला काय मोडलं ते विचारतच नसत. "गाव कोनतं?" हा पहिला प्रश्न. "शिवार कोन्या अंगाचं, नदीच्या का बरडाच्या?" हा दुसरा. पिशवीतून मोडका तुकडा बाहेर निघायच्या आत नवा भाग टेबलावर असायचा. एकदा बरडाच्या, म्हणजे खडकाळ माळाच्या, एका माणसाला त्यांनी एक फण मागितल्यावर दोन दिले. तो म्हणाला, एकच मोडलाय. दाजी म्हणाले, दुसरा मंगळवारी मोडंल. तो एकच घेऊन गेला आणि बुधवारी परत आला. दाजींनी त्याला चहा पाजला आणि त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. माझ्या हातून हे झालं नसतं.

मालकांना मात्र याने घाम फुटायचा. कारखाना वाढवायचा होता, जालन्याचे व्यापारी फोन करून विचारायचे, अमुक नळ्या किती आहेत? मालक दाजींना विचारायचे.

"आहेत."

"किती आहेत दाजी?"

"पुरतीन."

आता नोकर असता तर मालकांनी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण दाजी पडले जावई. दिवाळीत ज्याच्या पाया पडायचं त्याला रागवायचं कसं? मालक तोंडातल्या तोंडात बोलायचे आणि केबिनमध्ये जाऊन मला बोलवायचे. असंच एकदा बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"आपण ते क्लाउडवालं सॉफ्टवेअर घ्यायलोत," मालक म्हणाले. "पुण्याची कंपनी हाय. माल किती, कुठं, सगळं मोबाईलवर दिसतंय म्हणे. दाजीच्या डोक्यात जे हाय ना, ते सगळं त्याच्यात भरून घे."

"आणि मग?"

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मग काय. त्यांचं वय झालं. घरी बसावं माणसानं. अक्काचा नवरा हाय, मी कोणत्या तोंडानं सांगू? कंप्युटर आला की त्यांचं त्यांनाच कळंल."

लोक वाढीसाठी, शिस्तीसाठी सॉफ्टवेअर घेतात असं मी शिकलो होतो. मेहुण्याला घरी बसवायला घेतलेलं हे मी पाहिलेलं पहिलंच. आणि त्याची सुपारी माझ्याकडे होती. दाजींची खुर्ची जाणार की राहणार, एवढाच त्या सगळ्या प्रकरणाचा अर्थ होता, आणि तो दाजी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता, अगदी पेरणीच्या तोंडावर. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. मालकांनी अक्का-दाजींना जेवायला बोलावलं, पुरणाचे धोंडे झाले, आणि ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दिवा लावून वाण दिलं. अनारशांच्या मधोमध, उपरण्यात गुंडाळलेला, कोरा करकरीत टॅबलेट होता. सॉफ्टवेअर आत भरलेलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, काही अडलं तर असावा म्हणून. दाजींनी उपरणं उलगडलं, टॅबलेट उलटापालटा केला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. मग शांतपणे अनारसा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं की हे सगळं क्लाउडवर राहतं, कुठूनही उघडतं. ढगावरून करता येतील तेवढे विनोद कारखान्यातल्या बाकीच्यांनी करून झाले होते. दाजींनी एकही केला नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्याले गावं मालूम आहेत काय?"

"नाही. आपण सांगायची."

"मंग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी टॅबलेट कपाटात ठेवला. पंधरा दिवस तो तिथेच. रोज सांगितलं तरी उघडेनात. मालक रोज संध्याकाळी माझ्याकडे पाहायचे. शेवटी मी विचारलं, "दाजी, अडचण काय आहे?"

ते जरा घुटमळले. म्हणाले, "कोनी बोलावलं नाही ना त्याच्यात मले."

मी आधी हसलो. मग घरी जाऊन विचार केला. सॉफ्टवेअर उघडलं की वर एक छापील ओळ यायची, आपले स्वागत आहे. ती बदलता येत होती. मी बदलली. सकाळी टॅबलेट त्यांच्या पुढ्यात उघडून धरला. मोठ्या अक्षरांत आलं: या दाजी.

दाजींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हाव, येतो ना."

एक घोटाळा मात्र झाला. ती ओळ सगळ्या कंपनीसाठी एकच होती. मालक जालन्यात व्यापाऱ्यांच्या घोळक्यात ऐटीत मोबाईल उघडायचे आणि वर यायचं, या दाजी. व्यापारी त्यांनाच दाजी म्हणू लागले. मालकांनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ओळ तशीच राहिली, कारण दाजी कामाला लागले होते.

आणि काय लागले! मी मांडणीसमोर स्टूल टाकायचो, ते सांगायचे, मी भरायचो. मग मी सांगायचो, ते एका बोटाने भरायचे. शेवटी ते मला हातच लावू देईनात. सॉफ्टवेअर प्रत्येक मालासाठी गोडाऊनचं नाव विचारायचं. दाजी तिथे गावाचं नाव टाकायचे. मी म्हटलं, "दाजी, गोडाऊन आपलं एकच आहे. या तर मांडण्या."

"हा माल सुलतानपूरचा आहे," दाजी म्हणाले. "आपल्याकडे ठेवेल आहे फक्त. मंग गोडाऊन कोनाचं झालं?"

मला काम उरकायचं होतं. मी 'बरं' म्हटलं, आणि सगळं रामायण त्या 'बरं'मधून झालं.

आठवड्याने पुण्याहून मॅडमचा फोन आला. "सर, तुमचं अभिनंदन. तुमची एक्केचाळीस गोडाऊन दिसतायत. तुम्ही आमच्या छोट्या उद्योगांच्या स्वस्त योजनेत बसतच नाही." मी मालकांना सांगायचं ठरवलं आणि भीतीने दोन दिवस पुढे ढकललं. तेवढ्यात सॉफ्टवेअरने आपल्या हुशारीने पाहिलं की कारखान्यातून नवा माल तयार होऊन पडला आहे आणि सुलतानपूर गोडाऊनमध्ये दाजींनी लिहिलेल्या गरजेपेक्षा माल कमी आहे. त्याने आपणहून माल हलवायची चिठ्ठी काढली. दाजींच्या लेखी हा प्रवास दहा पावलांचा होता. पण दाजी डबा खात होते आणि चिठ्ठी पडली टेम्पोवाल्याच्या हातात. त्याने कागद वाचला, माल भरला आणि तो सिंदखेड राजाच्या रस्त्याला लागला.

दुपारी तीनला मालकांना त्याचा फोन. "मालक, सुलतानपूरचं आपलं गोडाऊन कोणत्या बाजूला हाय? दोन तास झाले शोधायलोय."

"आपलं गोडाऊन?" मालक म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोवर फोन कटला.

टेम्पोवाला साधा माणूस. माल परत आणायचा तर पुन्हा सगळा हिशेब द्यावा लागेल, म्हणून त्याने गावात विचारलं, इथे पेरणी यंत्राचं कोण बघतं? लोकांनी वेल्डिंगवाल्या चाचांचं दुकान दाखवलं. चाचांनी विचारलं, माल कुणी पाठवला? तो म्हणाला, दाजींनी. "दाजी का माल है? उतार दो," चाचा म्हणाले, आणि शेडमध्ये जागा करून दिली. टेम्पो रिकामा परत आला, आणि पेरणीच्या धांदलीत तो माल परत आणायचं राहून गेलं.

मालकांचा संयम त्या दिवशी सुटला, पण दाजींच्या समोर नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी चार माणसं लावली, आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप काढलं आणि स्टोअर मोडलं. गावांची नावं पांढऱ्या रंगाने पुसली. फण एकीकडे, नळ्या एकीकडे, चकत्या एकीकडे, प्रत्येकाला कोड. कोडच्या पट्ट्या मी चिकटवल्या. नाही म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही, आणि आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

सोमवारी नऊला दाजी फाटकाशी. "या दाजी," वॉचमन म्हणाला. दाजी आले, स्टोअरच्या दारात थांबले, पांढऱ्या मांडण्यांकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी डबा ठेवला, कमरेची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "चहा सांगा."

"दाजी..."

"पाव्हना आलो ना बे. पाव्हन्याले चहा पाजतेत."

त्या दिवसापासून दाजी पाहुणे झाले. रोज नऊला यायचे, बोलावल्यावर आत यायचे, बाकावर बसायचे, चहा प्यायचे, आणि पाहुण्याने जे बोलायचं तेवढंच बोलायचे. पोरगी कितवीत गेली? यंदा आंबा कसा होता? आणि पेरणी तर लागली होती. स्टोअरसमोर रांग. एकेक शेतकरी यायचा आणि म्हणायचा, "आमच्या गावाची नळी द्या." माझ्याकडे नळीचे आठ कोड होते, एकमेकींपेक्षा दोन-दोन बोटांनी लांब. गावाचा कोड नव्हता. मी अंदाजाने द्यायचो. दुसऱ्या दिवशी तो शिवारातून परत यायचा, नळी टेबलावर आपटायचा.

"दाजी, यांना कोणती द्यायची?" मी अगदी रडकुंडीला येऊन विचारायचो.

"मले काय मालूम? मी पाव्हना मानूस. पाव्हन्यानं कामाचं बोलू नये," असं म्हणून ते त्या शेतकऱ्याला सरकून जागा द्यायचे आणि विचारायचे, "घरचे बरे आहेत ना?"

परत आलेल्या नळ्यांचा ढीग माझ्या टेबलापेक्षा उंच झाला. आठव्या दिवशी मालक त्या ढिगासमोर उभे होते आणि मला विचारत होते की सुलतानपूरचं एकही गिऱ्हाईक यंदा कसं आलं नाही, गाव हातचं गेलं की काय. तेवढ्यात फोन वाजला. चाचा होते. मी मालकांकडे दिला.

"शेठ, माल खतम झाला," चाचा सांगत होते. आवाज मलाही ऐकू येत होता. "दुसरा कवा पाठवता? दाजींनी जे पाठवलं ते बरोब्बर लागलं. एक नळी वापस नाही आली."

मालकांनी फोन ठेवला. ढिगाकडे पाहिलं. बाकावर दाजी बशीत चहा ओतत होते. मालक केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊलाच मालक फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. मी आतून पाहत होतो. दाजी आले, नेहमीच्या जागी थांबले, रस्त्याकडे तोंड केलं. दोघं मेहुणे शेजारी-शेजारी उभे, दोघंही रस्त्याकडे बघतायत. मग मालक म्हणाले, "दाजी, मला येत नाही ते. तुम्हीच सांभाळा."

दाजींनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली.

"खरं सांगू का? तुम्हाला घरी बसवावं म्हणून मी ते मशीन आणलं होतं."

"मालूम आहे मले," दाजी म्हणाले. "धोंड्याच्या वाणात मशीन कोन देते बे जावयाले?"

मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. "मग एवढं सगळं भरलं काहून त्याच्यात? तुमच्याच मुळावर होतं ना ते?"

"मी काय जन्माले पुरनार आहो? मी गेल्यावर त्या गावाईनं कोनाले इचारायचं?" दाजी म्हणाले. "म्हनून लिहून ठेवलं. तुह्यासाठी नाही लिहिलं."

मालक खाली बघत होते. मग म्हणाले, "या दाजी."

"पाव्हना म्हनून?"

"नाही. कामाला या."

"हाव, येतो ना," दाजी म्हणाले आणि आत आले. माझ्या टेबलावरची किल्ली उचलली, कमरेला लावली. त्या दिवशी चहा मागितला नाही.

स्टोअर पुन्हा गावांचं झालं. पुण्याच्या मॅडमनी कोडशेजारी 'गाव' असा एक नवा रकाना करून दिला. म्हणाल्या, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. गोडाऊन एक्केचाळीसची दोन झाली, एक इथलं आणि एक सुलतानपूरचं. चाचांच्या शेडवर आता आमची पाटी आहे. चुकीने उघडलेली अशी दुसरी शाखा महाराष्ट्रात नसावी.

पुढे दाजींचे गुडघे गेले. एका दिवाळीनंतर ते आणि अक्का पिंपळगाव राजाला आपल्या घरी राहायला गेले. जाताना किल्ली मला दिली, टॅबलेट मात्र नेला. "वाणाचा आहे," म्हणाले. त्यांचं लॉगिन बंद करायचं राहून गेलं, किंवा मी राहू दिलं. रोज सकाळी नऊला माझ्या स्क्रीनवर 'दाजी' या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. ते तिथून सगळ्या गावांच्या मांडण्या बघून घेतात. एखादा निरोप येतो, अमक्या गावाच्या चकत्या वाढव, औंदा तिथं तूर जास्त आहे. मी वाढवतो. लागतात.

गेल्या महिन्यात एके दिवशी नऊ वाजले आणि ठिपका लागला नाही. साडेनऊला मालक काहीतरी विचारायला माझ्या टेबलाशी आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. मी म्हटलं, लाइट गेली असेल. ते "हं" म्हणाले. दहाला त्यांच्यासाठी जालन्याहून कुणी आलं, त्याला बसवायला सांगितलं. साडेदहाला मी खुर्ची दिली, बसले नाहीत. दुसरीकडे तोंड करून, इथे आपलं काही काम नाही अशा थाटात उभे होते. मला फाटक आठवलं.

अकराला ठिपका हिरवा झाला. तेव्हा कुठे मालक खुर्चीत बसले.

"लिही त्यांना," ते म्हणाले. "या दाजी म्हणून."

"ते आपोआप येतं मालक. उघडल्याबरोबर."

"येऊ दे. तू लिही. माझ्या नावानं लिही."

मी लिहिलं. दोन मिनिटांनी, एका बोटाने टाइप करायला लागतात तेवढ्याच, उत्तर आलं: "आलो. लाइन गेलती. सुलतानपूरच्या नळ्या संपत आल्या, पाठवा."